उरेप पट्टी : तिरप्या कापाचे शास्त्र आणि घरचे शिवणकाम

स्मरणिकेत धम्मावरचे लेख असतात, शिक्षणावरचे असतात, वार्षिक अहवाल असतो. त्यात शिवणकामावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही बांधवांना पडेल. परंतु शेणवा, किन्हवली, डोळखांब या पट्ट्यात शिलाई मशिनवर घरखर्चाला हातभार लावणाऱ्या भगिनी आज गावोगाव आहेत. आवणी आटोपली की मशिनवरचे फडके निघते आणि लग्नसराईत तर रात्री उशिरापर्यंत मशिन चालते. यातील बहुतेक भगिनींना कापड बेतता येते, टीप सरळ मारता येते. काम अडते ते काठाशी. गळ्याला चुण्या पडतात, मुंढ्याच्या दशा निघतात, आणि चार धुण्यांत नवा ब्लाऊज जुना दिसू लागतो. या सर्वांवर एकच साधा उपाय आहे, आणि तो आपण रोज केरात टाकतो त्या चिंध्यांतून निघतो. त्याचे नाव उरेप पट्टी. कोणी तिला क्रॉस पट्टी म्हणतात, कोणी नुसते पायपिन म्हणतात.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यात कपड्यांचा विषय होता, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. अंगावरच्या वस्त्रावरून कोणी आपली जात ओळखावी असे राहू नका. वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ठिगळ लावलेले पण नीट शिवलेले वस्त्र आणि दशा लोंबणारे वस्त्र यांत पैशाचा फरक फारसा नसतो. फरक काठाचा असतो. म्हणून हा विषय केवळ फॅशनचा नाही, असे मला वाटते.

काठाला आणि जोडाला मान देण्याची आपली परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी आहे. वर्षावास संपल्यावर आपण भिक्खूसंघाला चीवरदान करतो. ते चीवर जवळून पाहिले आहे का? ते अखंड कापडाचे नसते, तुकडे जोडून केलेले असते. विनयपिटकाच्या महावग्गात याची हकिकत आहे. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना भगवंतांनी मगधातील शेते पाहिली. पट्ट्यापट्ट्यांची, मध्ये बांध घातलेली. त्यांनी आनंदाला विचारले, अशा रचनेची चीवरे भिक्खूंसाठी करता येतील का? आनंदाने तशी करून दाखविली आणि भगवंतांनी त्याच्या कौशल्याची प्रशंसा केली. शहापूर-मुरबाडच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. श्रावणात टेकाडावर उभे राहून खाली पाहावे. भाताची खाचरे आणि त्यांचे बांध म्हणजे चीवराचा नमुनाच. कापलेल्या कापडाला चोराच्या दृष्टीने किंमत राहत नाही, हा एक फायदाही तेथे सांगितला आहे.

शिवणाऱ्याने लक्षात ठेवावे असे त्या वर्णनात दोन शब्द आहेत. चीवराच्या कडेने फिरणाऱ्या पट्टीला पालीत ‘अनुवात’ म्हणतात. आणि भगवंतांनी आनंदाच्या कामाचे जे भाग नावानिशी सांगितले त्यांत एक आहे ‘गीवेय्यक’. अट्ठकथेत त्याचा अर्थ, मानेपाशी मजबुतीसाठी वेगळा शिवलेला तुकडा, असा दिला आहे. म्हणजे वस्त्र मानेपाशी आधी झिजते, म्हणून तेथे जादा पट्टी हवी, हे त्या काळच्या शिवणाऱ्यांनाही माहीत होते.

मात्र चीवर आयताकृती असते. त्याच्या काठाला सरळ कापलेली पट्टी बिनतक्रार बसते. आपल्या ब्लाऊजला, फ्रॉकला, झबल्याला गळा असतो, मुंढा असतो, म्हणजेच वळण असते. सरळ पट्टी तेथे बसत नाही. का बसत नाही, हे आधी समजून घेऊ. कारण हे कारण न कळता नुसती कृती पाठ केली की नवे कापड हाती आले की हात चुकतो.

विणलेल्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असतो. उभे ओढा, ताण्याचे धागे ताण घेतात आणि कापड फारसे हलत नाही. आडवे ओढा, बाणा ताण घेतो. थोडे अधिक हलते इतकेच. आता कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरपे ओढून पाहा. कापड रबरासारखे लांबते. रबर त्यात काहीच नाही. चार बांबू कोपऱ्यांत बांधून चौकट केली आणि एका कोपऱ्याला धरून ओढले तर चौकट कलते, चौरसाचा समभुज चौकोन होतो. बांबू लांबले नाहीत, फक्त कोन बदलला. मांडवाच्या चौकटीला तिरका टेकू देतात तो याचसाठी. कापडात असे हजारो बारीक चौरस आहेत आणि त्यांना तिरका टेकू नाही. म्हणून तिरप्या दिशेला ते सगळे एकदम कलतात आणि कापड लांबते. लांबताना रुंदीला मात्र आकसते. बरोबर ४५ अंशांवर ही लवचिकता सर्वांत जास्त असते.

वळणावर ही लवचिकता किती लागते, हे विद्यार्थ्यांनी गणिताने काढून पाहावे. गोल गळ्याची त्रिज्या ९ सेंमी धरली तर घेर सुमारे ५६.५ सेंमी येतो. त्याला १ सेंमी रुंदीची पट्टी आतून पालथी घातली तर तिची एक कड ९ सेंमी त्रिज्येवर आणि दुसरी १० सेंमी त्रिज्येवर बसणार. दुसरीचा घेर सुमारे ६२.८ सेंमी. फरक ६.३ सेंमी. एकाच पट्टीच्या एका कडेने दुसरीपेक्षा सव्वासहा सेंटिमीटर जास्त लांब व्हायचे आहे! सरळ पट्टीला हे जमणार नाही, ती चुण्या घालून निषेध नोंदवील. आणखी एक गंमत पाहा. पूर्ण वर्तुळात हा फरक त्रिज्येवर अवलंबून नसतो, फक्त पट्टीच्या रुंदीवर असतो. बाळाच्या झबल्याचा गळा ५ सेंमी त्रिज्येचा असला तरी फरक तेवढाच, ६.३ सेंमी, पण तो आता ३१.४ सेंमीच्या घेरावर पडतो, म्हणजे वीस टक्के. झबले शिवणे सोपे, म्हणून नव्या मुलींना प्रथम झबले देतात. कापायला ते सोपेच आहे, पट्टी लावायला मात्र मोठ्या ब्लाऊजपेक्षा अवघड आहे. उपाय गणितातच आहे. पट्टी अर्ध्या सेंमीची करा, फरक निम्मा होतो. वळण जितके लहान, पट्टी तितकी अरुंद.

‘उरेप’ हा शब्द मूळ फारसी ‘उरेब’, म्हणजे तिरपा. जुन्या शिंप्यांना या कापाचे मर्म चांगले अवगत होते. चुडीदार पायजमा पोटरीला घट्ट बसतो आणि तरी गुडघा वाकतो, तो कापड उरेप असते म्हणूनच. त्यासाठी शिंपी कापडाची तिरपी थैली शिवून मग ती कापतात. पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने (१८७६–१९७५) या शिवणकर्तीने १९२० आणि १९३० च्या दशकांत अख्खे पोशाखच तिरप्या कापडाचे करून जगभर नाव मिळविले. अगदी लहान वयात ती शिवणकाम शिकायला लागली होती. आपल्याला सध्या पट्टीपुरतेच पाहायचे आहे.

पट्टी काढण्याचे कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. न धुतलेली पट्टी धुतलेल्या कापडावर लावली तर ती नंतर आटून गळा गोळा करते. गडद रंगाची पट्टी फिक्या कपड्यावर लावायची असेल तर ओला तुकडा पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. लाल रंग उतरला तर मोह सोडावा. मऊ पॉपलिन, केंब्रिक, रुबिया ही कापडे पट्टीला उत्तम. टेरिकॉटची घडी नीट बसत नाही. मांजरपाट जाड पडतो, पण पिशव्यांना ठीक.

दुकानातून आलेले कापड बऱ्याचदा वाकडे कापलेले असते. म्हणून आडव्या बाजूचा एक धागा ओढून काढावा आणि त्या रेषेवर कापावे. मग कापडाचा कोपरा असा दुमडावा की आडवा काठ उभ्या किनारीवर तंतोतंत बसेल. जी तिरकी घडी पडते ती ४५ अंशांची. तिच्यावर नखाने किंवा इस्त्रीने दाब देऊन उलगडावे आणि पट्टी व खडू घेऊन समांतर रेषा आखाव्या. अंदाजाने तिरके कापू नये. तीस-पस्तीस अंशांवर कापलेली पट्टी लांबते, पण एका बाजूला जास्त. मशिनखाली तिला पीळ पडतो आणि टीप मारणारीला वाटते की आपल्या मशिनमध्ये बिघाड आहे.

येथे एक चूक हमखास होते. मीही ती केली आहे, आणि पोपटी रंगाच्या चांगल्या कापडावर केली आहे. ३ सेंमीची पट्टी हवी म्हणून मी कापडाच्या सरळ काठावर ३-३ सेंमीवर खुणा केल्या आणि तेथून तिरक्या रेषा ओढल्या. पट्ट्या निघाल्या जेमतेम २.१ सेंमीच्या. काठावरचे अंतर हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण असतो. पायथागोरसच्या नियमाने ३ सेंमीच्या पट्टीसाठी काठावर सुमारे ४.२ सेंमी अंतर हवे. ज्यांना हिशेब नको त्यांनी तिरक्या घडीला काटकोनात टेप धरून मोजावे, चूक होणारच नाही.

रुंदी किती हवी? काठाला दोन्ही बाजूंनी लपेटून दिसणारी पट्टी तयार झाल्यावर अर्धा सेंमी दिसावी असे असेल तर तिच्या चौपट म्हणजे २ सेंमी, आणि कापडाच्या जाडीसाठी व ओढल्यावर आकसण्यासाठी अर्धा सेंमी वर. एकूण अडीच सेंमी. नव्या हाताने ३ सेंमी घ्यावी.

पट्ट्या जोडताना टोके सरळ जोडू नयेत. सरळ जोडाचा गठ्ठा एकाच जागी येतो आणि तेथे पट्टी लांबत नाही. प्रत्येक पट्टीचे टोक कापडाच्या सरळ धाग्यावर, म्हणजे तिरके कापलेले असते. दोन पट्ट्या सुलट बाजू आत घेऊन एकमेकींशी काटकोनात ठेवाव्या. दोन्हींचे टोकदार कोपरे थोडे बाहेर डोकावले पाहिजेत, सशाच्या कानांसारखे. जेथे दोन कडा एकमेकींना छेदतात तेथून तेथपर्यंत टीप मारावी, माया उघडून इस्त्री करावी आणि कान कापून टाकावे. कान न ठेवता टोकाला टोक भिडवले की उलगडल्यावर जोडाशी पायरी पडते.

जास्त लांबी हवी असेल, उदाहरणार्थ गणवेशाच्या ऑर्डरला, तर एकेक पट्टी जोडत बसू नये. चुडीदाराच्या थैलीचीच युक्ती येथे वापरावी. ५० सेंमी बाजूचा चौरस घ्या. कर्णावर कापून दोन त्रिकोण करा. चौरसाची जी वरची बाजू होती ती खालच्या बाजूला, सुलट बाजू आत घेऊन, अर्धा सेंमी माया ठेवून शिवा. समांतरभुज चौकोन तयार होतो. त्याच्या उलट बाजूवर, तिरप्या लांब कडांना समांतर, ३-३ सेंमीवर रेषा आखा. आता ज्या दोन सरळ धाग्याच्या कडा उरल्या आहेत त्या एकमेकींना जोडून नळी करायची. पण जोडताना एक घर सरकवायचे, म्हणजे एका कडेची पहिली रेषा दुसऱ्या कडेच्या टोकाला नव्हे, तर टोकाकडचा एक पट्टा बाहेर लोंबू देऊन पुढच्या रेषेला भिडवायची. टाचण्या लावून रेषा जुळतात का पाहा, मग शिवा. नळी थोडी पिळल्यासारखी दिसेल; घाबरू नये, ती तशीच दिसते. लोंबत्या टोकापासून रेषेवर कात्री धरून गोल गोल कापत गेले की एकच अखंड पट्टी हाती येते. लांबी आधीच काढता येते. क्षेत्रफळ भागिले रुंदी : २५०० भागिले ३, म्हणजे ८३३ सेंमी. जोडांतली घट सोडून सुमारे ८ मीटर समजा. एका ब्लाऊजच्या गळ्याला ८० सेंमी धरले तर नऊ-दहा गळे होतात. अर्धा मीटर चौरस तुकड्यातून!

एवढा चौरस शिल्लक नसेल तर ब्लाऊज बेतताना मुंढ्याच्या आणि बाहीच्या कोपऱ्यांत जे त्रिकोणी तुकडे उरतात त्यांतूनही पट्ट्या निघतात. फक्त जोड जास्त येतात. जोड गळ्याच्या समोर मधोमध येऊ देऊ नये, खांद्याजवळ घ्यावा.

पट्टीला घडी घालण्याचे छोटे यंत्र शिवण-साहित्याच्या दुकानात मिळते. नसले तरी अडत नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची, पट्टीच्या निम्म्या रुंदीची लांब चीप कापावी. ती उरेप पट्टीच्या मधोमध, उलट बाजूवर ठेवून दोन्ही कडा तिच्यावर दुमडत इस्त्री करत जावे आणि चीप पुढे सरकवत राहावे. मग पट्टी मधोमध पुन्हा दुमडावी. इस्त्री वरून दाबावी, घासू नये. घासली की पट्टी लांबते आणि अरुंद होते. वीज नसेल तेव्हा पूर्वी निखारे भरलेला तांब्या फिरवीत. तो आजही फिरवता येतो, बुड तेवढे पुसून घ्यावे.

पट्टी लावण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे नियम उलटे आहेत. घोटाळा होतो तो येथेच. पहिला प्रकार, काठ दोन्ही बाजूंनी लपेटणारी पट्टी, म्हणजे पायपिनसारखी दिसणारी. गळ्याला किंवा मुंढ्याला ही लावताना टीप कपड्याच्या आतल्या अंगाला पडते आणि घडी गळ्याच्या बाजूला, म्हणजे लहान घेरावर येते. म्हणून पट्टी किंचित ओढून धरावी; टीप झाल्यावर ती आकसते आणि गळा अंगाला चिकटून बसतो. किंचित म्हणजे किंचितच. जोर लावला तर गळा बटव्यासारखा गोळा होतो. दुसरा प्रकार, पट्टी पूर्ण आत पालथी घालून वरून न दिसणारी. यात टीप गळ्याच्या काठावर असते आणि सुटी कड मोठ्या घेरावर पसरायची असते. तेव्हा टिपेजवळ पट्टी ओढू नये. लावण्याआधीच इस्त्रीने तिला गळ्याच्या वळणाचा आकार द्यावा, सुटी कड ताणून. टीप झाल्यावर मायेला वळणावर जवळजवळ कातरे द्यावे, टिपेच्या दोन धागे अलीकडे थांबून. कातरे न देता पट्टी उलटली की गळा टणक उभा राहतो.

लाळेऱ्याची किंवा फ्रॉकच्या कॉलरची कड बाहेरच्या वळणाची असते. तेथे पट्टी ओढायची नाही, उलट थोडी सैल सोडायची. टाका बारीक ठेवावा, कारण कपडा अंगात घालताना पट्टी लांबते आणि लांब टाक्याचा दोरा तटकन तुटतो. आतली कड हाताने तुरपाई केली तर उत्तम. नाहीतर वरून पट्टीच्या अगदी खोबणीत टीप मारावी.

गोधडीच्या काठाला उरेप पट्टी लावावी का, असे भगिनी विचारतात. काठ सरळ असेल तर गरज नाही, सरळ पट्टी पुरते आणि कापडही वाचते. मात्र रोज अंगणात आपटून धुतली जाणारी गोधडी असेल तर उरेप पट्टी जास्त टिकते. सरळ पट्टीच्या घडीवर तेच चार-दोन धागे सगळी झीज सोसतात. ते तुटले की घडी लांबवर उकलते. तिरप्या पट्टीत घडी अनेक धाग्यांवरून जाते, झीज वाटली जाते.

तयार उरेप पट्टीच्या गुंड्या कल्याण, उल्हासनगरच्या बाजारात मिळतात. विकत घ्यावी की घरी करावी? घरी करणे फुकट, असे म्हणणे मला मान्य नाही. त्यात कापड फुकट असेल, वेळ फुकट नाही. पांढरी, काळी, निळी अशी गणवेशाची पट्टी ढिगाने लागते. ती आणून ठेवलेली परवडते. परंतु ब्लाऊजच्या रंगाशी मिळणारी, किंवा साडीच्या काठाच्या रंगाची पट्टी गुंडीत सापडत नाही. आणि बाजारच्या पट्टीत कांजी असते. धुतल्यावर ती कशी निघेल हे धुतल्याशिवाय समजत नाही. आठवडी बाजारात जे तयार फ्रॉक आणि ब्लाऊज येतात त्यांच्या किमतीशी घरच्या शिवणारीने स्पर्धा करू नये, ती हरेल. त्या कपड्यांचा गळा उलटून पाहावा. बहुधा आत नुसती ओव्हरलॉकची टीप असते. आपल्या गिऱ्हाईक बाईला दोन्ही गळे आतून दाखवावे आणि पट्टीच्या कामाचे पैसे शिलाईत वेगळे सांगावे. संकोच करू नये. घड्याळ लावून एका गळ्याला किती मिनिटे लागतात ते एकदा मोजावे, म्हणजे किती सांगावे हे कळते.

आयटीआयच्या ड्रेस मेकिंगच्या अभ्यासक्रमाकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलींनी तर वर दिलेला ५० सेंमीचा चौरस आधी कागदावर करून पाहावा. वर्तमानपत्राचा चौरस कापा, कर्णावर चिरा, चिकटपट्टीने जोडा, रेषा आखा, एक घर सरकवून नळी करा. कागद लांबत नाही, पण अखंड पट्टी कशी निघते ते हातात दिसते. दोन-तीन कागद फुकट गेले तरी चालतील. मग जुन्या धोतराच्या किंवा चादरीच्या तुकड्यावर करा, आणि नवे कापड त्यानंतर.

तयार पट्टी पुठ्ठ्यावर सैल गुंडाळून ठेवावी. घट्ट गुंडाळली तर ती महिनाभरात ताणून राहते, आणि लावल्यावर पहिल्या धुण्यात आकसून सगळी मेहनत वाया घालवते.